चंद्रावर चिवडा चालत नाही

आमचे घरमालक दाजीकाका चिवडा खात नसत. दात पक्के होते, पोट ठीक होतं, आणि तिखट तर एवढं खायचे की बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. पण लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी फराळाचं ताट घेऊन वर गेले, तर दोन्ही हात पाठीमागे बांधून म्हणाले, "सूनबाई, लाडू ठेव. चिवडा परत ने. चंद्रावर चालत नाही."

मी नवीन होते, ग्वाल्हेरची रीत मला कुठली माहीत! मला वाटलं काही कुळाचार असेल, नाहीतर कुणाचं सुतक. घाबरून ताट घेऊन खाली पळाले. संध्याकाळी हे ऑफिसातून आले तेव्हा यांना सांगितलं, तर हसत सुटले.

"अगं, ते चंद्रावर जायची तयारी करून राहिलेत."

मी विचारलं, "कधी निघणार?" तर आणखीच हसले. मला खरंच वाटलं होतं की आपल्याला डबा द्यावा लागेल.

मग हळूहळू कळलं. चंद्राच्या वाटेवर म्हणे वजनच राहत नाही. माणूस, त्याचं यान, त्याचा तांब्या, सगळं एकदमच पडत असतं, म्हणून कुणी कुणावर पडत नाही, सगळे तरंगत राहतात. तिथं चिवड्याची पुडी सोडली की पोहे निघाले फिरायला. "एक शेंगदाणा नाकात गेला की संपलं," दाजीकाका म्हणायचे, "चंद्र राहिला बाजूला." लाडूची ते परीक्षा घ्यायचे. दोन बोटांत धरून दाबायचे, भुगा पडला की "फेल". माझे बेसनाचे दरसाल फेल. शंकरपाळी पास. पुरणपोळीला तर म्हणायचे, ही आपल्या लोकांनी चंद्रासाठीच काढलीय, फक्त त्यांना माहीत नव्हतं.

आमचं घर खासगी बाजारात, ते वर, आम्ही खाली. काका दरबारच्या वेळेला वजनं तपासायच्या खात्यात होते. दुकानदाराचा शेर खरा का खोटा ते बघायचं आणि मोहोर मारायची. त्यांचा टांगा गल्लीत शिरला की वाणी म्हणे तागडी पुसायला लागायचे. मग संस्थान गेलं, मध्य भारत झाला, त्या उलटापालटीत त्यांचं खातं दुसऱ्या कुठल्या खात्यात गेलं आणि काका घरी बसले. त्याचं ते कधी वाईट बोलले नाहीत. पण वाचनालयात कुठल्या इंग्रजी मासिकात त्यांनी वाचलं की वर वजन म्हणून काही नसतंच, ते मात्र मनाला लागलं. "आयुष्यभर ज्याचा हिशोब ठेवला, ते मुळात जमिनीचं ओढणं होतं! वस्तूचं काही नव्हतंच त्यात!" तेव्हापासून त्यांना चंद्राचं वेड.

एकदा सकाळी गिरधारी दूधवाला वर गेला आणि तिथूनच ओरडला. मी धावले. काका झोपाळ्याच्या कडीला पाय अडकवून उलटे लटकलेले, धोतर कमरेला गच्च बांधलेलं, तोंड लालभडक.

गिरधारी म्हणाला, "हाय राम, दाजी तो गए!"

त्या उलट्या तोंडातून आवाज आला, "गया तो केला कौन खा रहा है?"

आणि खरंच, केळं खात होते. उलट्या माणसाच्या गळ्यातून घास पोटात जातो का, ते बघायचं होतं. गेला. गळ्याची नळी स्वतःच पिळून पिळून नेते म्हणे, खाली-वर तिला कळत नाही. आम्ही दोघांनी धरून त्यांना सरळ केलं तर आधी काय बोलले, "दुसरं केळं आण, पाण्याचं पण बघून घेऊ."

मग माझी बबी झाली. सातव्या महिन्यातच आली. एवढीशी, मांजराच्या पिल्लासारखी, रडायची ते पण ऐकू येत नसे. सासूबाई नाहीत, माझी आई येऊन बाळंतपण करून उज्जैनला परत गेली, आणि मी दिवसभर तिच्या छातीवर हात ठेवून बसायची. हलतेय का, हलतेय का. चूल विझली तरी कळायचं नाही.

दाजीकाका बबीला बघायला आले आणि दारातच थांबले. मी तिला बोंडल्याच्या चोचीतून दूध पाजत होते. ती आडवी, टकटक बघतेय आणि चोखत गुटुगुटू पितेय. काका म्हणाले, "सांडत नाही?"

"नाही."

"आडवं असून?"

"नाही हो काका."

"झालं!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "वर पाणी कसं प्यायचं, इतके दिवस डोकं फोडतोय मी!"

तेव्हापासून रोज येऊ लागले. त्यांचं म्हणणं, वर जाणारा माणूस म्हणजे तान्हं मूलच. त्याला पाठीवर निजवूनच न्यायचं, कारण रॉकेट उडताना अंग मणामणाचं होतं, उभं असलं तर रक्त पायात उतरून चक्कर यायची. त्याला बांधून ठेवायचं. उबेत ठेवायचं. चोखून पाजायचं. आणि मग तो दुसरा प्रश्न. तो विचारताना काका भिंतीकडे तोंड करून बसायचे. "सूनबाई, ते... लंगोटाचं तू कसं करतेस?" मी पदर तोंडावर घेऊन सांगायची, ते भिंतीला "हं, हं" म्हणायचे. बबीला तागडीत घालू देत नव्हते मी, नजर लागते, तर म्हणाले, "राहू दे. चंद्रावर तिचं वजन सहावा हिस्साच भरेल." मी लगेच तीट लावली.

पण एका गोष्टीनं घोळ झाला. एक दिवस त्यांनी पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवला, वरचं नितळ पाणी पेल्यात घेतलं, पपईच्या देठाची नळी दिली आणि म्हणाले, फुंक. मी फुंकलं. पाणी दुधासारखं पांढरं झालं.

"बघितलंस? हा तुझ्या श्वासातला विषार. बंद यानात माणूस स्वतःच्याच श्वासानं गुदमरून जाईल. पण चुना तो विषार पिऊन टाकतो. काय युक्ती आहे!"

त्यांना युक्ती दिसली. मला विषार दिसला. माझ्या तोंडातून निघालेला! आणि मी बबीला नाकाशी नाक लावून निजवत होते! त्यानंतर मी तिला घेतलं की मान वळवून घ्यायची, पाजताना श्वास धरून ठेवायची, अंगाई सुद्धा भिंतीकडे बघून म्हणायची. खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यात चुन्याच्या वाट्या.

तेवढ्यात मध्य भारत पण गेला. मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळ, आणि यांचं ऑफिस फायली, टेबलं, शिपाई सगळं घेऊन तिकडे निघालं. गल्लीतल्या अर्ध्या दारांना कुलपं लागली. दाजीकाका ऐटीत सांगायचे, "मी जागेवरून न हलता तीन राज्यं बघितली." हे पुढे गेले. खोली मिळाली, थंडी वाढायच्या आत ये, गिरधारी स्टेशनवर बसवून देईल, मला रजा नाही, असं यांचं पत्र आलं. मी जाईना. दुसरं आलं, मी जाईना. थंडीची गाडी, सगळ्या खिडक्या बंद, डबाभर माणसं श्वास सोडतायत, आणि माझी एवढीशी पोर! तिसऱ्या पत्रात यांनी लिहिलं, तुला यायचं नसेल तर तसं सांग.

मी जिन्यात बसून रडत होते. काकांनी कारण विचारलं. मी चुन्याचं सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला. माझ्या खोलीत आले, त्या वाट्या बघितल्या, आणि स्वतःच सगळ्या खिडक्या उघडल्या. "अगं वेडे, गाडीला फटी किती असतात! ते यानाचं होतं, यानाचं." मला पटेना. मग म्हणाले, "बरं. तयारी करू."

वजनं ठेवायची सागवानी पेटी त्यांनी रिकामी केली. तिला जाळी पाडली, आत दुलई, दोन्ही बाजूंना फलालीनच्या कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या, वरून इंजिनाचा कोळसा अडवायला मलमल. मी म्हटलं चुना? तर एक पुरचुंडी पेटीच्या खाली बाहेरून बांधली. "काम काही नाही तिचं. तुझ्या मनासाठी." गल्लीत सगळे विचारायचे, "काय दाजी, रॉकेट तयार का?" काका म्हणायचे, "प्रवासी तयार आहे. आई नाही."

स्टेशनवर गिरधारीनं सामान चढवलं. माझा पाय पायरीवर पडेना. काका म्हणाले, "बघ, मी आधी चढतो. पेटी लावून देतो, मग तू." चढले. पेटी बाकावर नीट बसवली, मी त्यांच्या मागे. शिट्टी झाली.

"काका, उतरा!"

"उतरतो, उतरतो," म्हणाले, आणि खिडकीचा गज दोन्ही हातांनी धरून बसून राहिले. गाडी निघाली. खाली गिरधारी धावत होता, "दाजी! अरे दाजी!"

टिकटवाला आला. काका डोळे मिटलेलेच. "भैया, मैं तो उतरने वाला था."

"तो डबरा में उतर जाइए, आ रहा है."

"डबरा में किसको जानता हूँ मैं?"

पूर्ण डबा हसला. मला पण हसू आलं, पण त्यांच्या हाताकडे बघितलं तर बोटं पांढरी पडलेली. मी हळूच विचारलं, काका, बरं वाटत नाही का.

"पहिल्यांदाच बसलोय," ते म्हणाले.

झाशी गेल्यावर मग बोलले, डोळे न उघडताच. काका यांच्याएवढे असताना त्यांचं लग्न ठरलं होतं, मुलगी उज्जैनची. वऱ्हाड स्टेशनवर गेलं. इंजिन समोर आलं आणि नवरदेव जाऊन टांग्यात बसला, तो काही केल्या उतरेना. वडलांनी हात धरला, मामांनी शिव्या दिल्या. वऱ्हाड परत.

"आणि मुलगी?"

"तिचं त्याच मांडवात दुसऱ्याशी लागलं. चांगलं झालं. सुखात आहे, असं ऐकलं." बेतव्याचा पूल आला, डबा धडधडायला लागला, त्यांनी गज आणखी घट्ट धरला. पूल गेल्यावर म्हणाले, "ज्याला भीती नाही तो नुसता जातो गं. तुझ्यामाझ्यासारख्याला अभ्यास करावा लागतो."

मी पेटीतून बबीला काढून त्यांच्या मांडीवर दिलं. गज सोडल्याशिवाय तिला धरता येईना. सोडला. भोपाळपर्यंत ती त्यांच्या तोंडावर श्वास सोडत झोपली, आणि मी खिडकीतून बाहेर बघितलं, बबी झाल्यापासून पहिल्यांदा.

स्टेशनवर हे होते. बबीला बघितलं, मला बघितलं, काकांना बघितलं आणि पुन्हा मला बघितलं. मग म्हणाले, "दाजीसाहेब, दोन दिवस आराम करा. परतीच्या गाडीत मी स्वतः बसवून देतो."

काकांनी टोपी काढून डोकं पुसलं. "परतीचा अभ्यास नाही झाला अजून. जाण्याचाच केला होता."

थंडी गेली. होळी झाली. आता उन्हाळा लागला. एकच खोली आहे, पुढं पडवी. काका पडवीत बबीला मांडीवर घेऊन बसतात, आणि कुणी विचारलं तर म्हणतात अभ्यास चालू आहे. मागच्या आठवड्यात हे मला म्हणाले, "अगं, त्यांना एकदा विचार तरी, काय ठरवलंय." मी म्हटलं, तुम्हीच विचारा.

यांनी काही विचारलं नाही. संध्याकाळी ऑफिसातून येताना हातगाडीवर एक खाट घालून घेऊन आले.