आधी त्याचा घास

दुपारचे अडीच वाजले तरी पोपटाने दाण्याला चोच लावली नव्हती, आणि म्हणून नीताही जेवली नव्हती.

जेवणाआधी एका मुक्या जिवाला घास द्यायचा, हा तिचा अकरा वर्षांचा नेम. आजवर तो घास देवळाबाहेर बसणाऱ्या भामाच्या गाईला जाई. पण काल लेकीने, ऋचाने, परदेशी निघालेल्या मैत्रिणीचा पोपट घरी आणला. राखाडी अंग, डोक्यावर पिवळा तुरा. नीताने सकाळी देवासमोर पाणी सोडलं, "आजपासून पहिला घास घरच्या जिवाचा."

घरच्या जिवाने पाठ फिरवली.

"पिंजऱ्यात हात घालू नकोस हं आई. घर नवीन आहे, घाबरलाय तो."

"मी काय राक्षसीण आहे? याच्यासाठी पंखा बंद, उदबत्ती बंद, मिरचीची फोडणी बंद! देवांनी कुरकुर केली नाही, आणि याचा रुसवा बघा!"

"सबुरीने घे," विनायक म्हणाला. पण तो दोनदा भात वाढून घेऊन जेवला होता, त्यामुळे नवऱ्याच्या या सल्ल्याला काही वजन नव्हतं.

तीनला भामाच दारात. "ताई, आज आल्या नाय तुमी? गाय वाट बघते."

नीताने सगळं सांगितलं.

"मंग चला खाली. गाय हाय की. घास घाला आन् जेवा."

"देवाला शब्द दिलाय गं."

"मंग टक लावून तरी बसू नका. आमची सासू अशीच समोर बसायची. माज्या घशाखाली भाकर उतरत नव्हती."

नीताला ते लागलं. तिने खुर्ची फिरवली आणि शोकेसच्या काचेत बघून पोपटावर नजर ठेवली. भामा दाराशीच टेकली.

शेवटी ऋचाने पक्ष्यांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"कालपासून उपाशी? संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही तर लगेच घेऊन या. एवढ्याशा जिवाला उपास झेपत नाही. हे थव्याने खाणारे पक्षी. दिवसभर जे जवळ असतं त्याने समोर बसून जेवावं, म्हणजे तोही खाईल."

"मी आधी?" नीता उसळली. "शक्य नाही! त्याने खाल्ल्याशिवाय मी जेवत नाही."

"आणि तुम्ही जेवल्याशिवाय तो खाणार नाही," डॉक्टर शांतपणे म्हणाले.

विनायकने पिंजऱ्यासमोर केळं खाऊन पाहिलं. पोपटाने डोळे मिटून घेतले. त्याचा तुरा आता पार चपटा झाला होता. ते बघून नीताचा राग एकदम ओसरला.

"याला काही झालं तर पाप कुणाच्या माथी?"

तिने ताट आणलं. वरणभाताचा घास तोंडात घातला आणि चावू लागली. चावतच राहिली.

"आई, गिळ ना!"

नीताने बोट हलवलं. गिळलं नाही, तोवर जेवण नाही.

पोपटाचा तुरा हळूच उभा राहिला. तो दांडीवरून सरकत खाली आला, एक दाणा उचलला, फोडला, खाल्ला. मग दुसरा.

नीताने हात जोडले आणि घास गिळला. "देवा, आधी तोच जेवला. साक्षीला भामा आहे."

"हाय, हाय," भामा पदराआड हसत म्हणाली.

पण नीता थांबली की पोपटही थांबे. तिला तिसऱ्यांदा भात घ्यावा लागला.

"थाट बघा याचा! म्हणजे मी आता रोज याच्या पंगतीला बसायचं?"

विनायक भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभा होता. "उद्या नाही जमणार."

"का?"

"उद्या एकादशी. तुझी निर्जळी."