एकशे चाळीस टक्के

घड्याळजींनी कपडे धुण्याच्या मशीनमधली मोटर काढली, त्याला सतरा दिवस झाले होते. तेव्हापासून त्यांची बायको सगळ्यांचे कपडे हाताने धूत होती आणि नवऱ्याला जे ऐकवायचं ते कपडे आपटून ऐकवत होती. मोटर आता एका लाकडी खोक्यात बसून, मशीनच्याच पट्ट्याने, एक जुना डायनॅमो फिरवायची आणि डायनॅमो बॅटरी चार्ज करायचा. बॅटरी कशासाठी, हे विचारायची सोय नव्हती.

"रविवारपर्यंत वाट बघीन," बायकोने बजावलं. "मोटर जेवढी वीज खाते, त्यातली निम्मी तरी बॅटरीत उतरली पाहिजे. नाहीतर मोटर परत मशीनमध्ये."

शुक्रवारी मोजलं, तर बावीस टक्के. घड्याळजी धड जेवलेसुद्धा नाहीत. शनिवारी सकाळी त्यांनी बॅटरी पूर्ण रिकामी केली, कुणी लुडबुड करू नये म्हणून खोक्यावर झाकण ठोकून बसवलं आणि मोटर तीन तास चालवली.

"आवाज ऐका, कशी लोण्यासारखी फिरतेय!" म्हणाले, आणि बॅटरी गॅलरीत ठेवून खुशीत दुकानात गेले.

रविवारी दहाच्या ठोक्याला बॅटरीला दिवा जोडला. दोन तास जळला की पन्नास टक्के. बारा वाजले, दिवा लख्ख! घड्याळजींनी मुलीला टाळी दिली. बायको "बरं झालं हो" म्हणून चक्क हसली. दोन वाजले, शंभर टक्के झाले. दिवा आपला चालूच. आता घड्याळजींचं हसू मावळायला लागलं.

"अरे, शेरभर दुधातून दीड शेर लोणी निघत नसतं," त्यांचे वडील म्हणाले. ते निवृत्त वायरमन. "तुझं घड्याळ बघ आधी."

घड्याळजींच्या घरात घड्याळावर संशय! तरी बिचाऱ्यांनी घरातली अकराच्या अकरा घड्याळं ताडून पाहिली. सगळ्यांचं एकमत होतं. तीन वाजून छत्तीस मिनिटांनी दिवा विझला, तेव्हा वहीत आकडा पडला एकशे चाळीस.

"माझं डोकंच चालेनासं झालंय," ते म्हणाले. "कॉलेजच्या प्राध्यापकांना बोलावतो. आपले गिऱ्हाईकच आहेत." त्यांनी फोन उचलला.

"थांबा!" बायको ओरडली. "काल दुपारी मी बॅटरीला चार्जर लावला होता. दोन तास."

"तू? अगं, तुलाच तर मोटर परत हवी होती!"

"हवीच होती. पण तुमचं ते उतरलेलं तोंड बघवेना. म्हटलं, धुईन आणखी थोडे दिवस."

तेवढ्यात मुलगी म्हणाली, "आई, तू पण? मी संध्याकाळी दीड तास लावला होता!"

वडिलांनी घसा खाकरला. "आज पहाटे मी... तासभरच हं."

"घरात सगळेच चोर!" घड्याळजी कडाडले. "विज्ञानाची थट्टा लावलीय! मोजणी म्हणजे काय पोरखेळ आहे?"

"ओरडू नकोस, वही आण," म्हणत वडील हिशेबाला बसले. "चार्जरचे तासाला अठ्ठावीस टक्के धर. सूनबाईचे छप्पन्न, नातीचे बेचाळीस, माझे अठ्ठावीस. उरले चौदा. ते तुझ्या मोटरचे."

"चौदा? बावीसचे चौदा कसे झाले?" मुलगी म्हणाली.

घड्याळजी जमिनीकडे बघत पुटपुटले, "आज अंघोळीआधी मीही लावला होता. अर्धा तास."

"अर्ध्या तासाचे बरोबर चौदा," वडील म्हणाले आणि त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "मोटरचं शून्य."

"शून्य कसं होईल? तीन तास फिरली ना ती!"

घड्याळजींनी झाकण उचकटलं. झाकण ठोकताना निसटलेला पट्टा खोक्याच्या तळाशी निवांत पडला होता. मोटर शनिवारी एकटीच फिरत बसली होती.

घड्याळजींनी पट्टा खिशात घातला, मोटर उचलली आणि कुणी न सांगता मशीनमध्ये बसवायला घेतली. संध्याकाळी सगळं घर मशीनभोवती जमलं. इतके दिवस चादरी पिळून सोललेल्या बोटाने बायकोने बटण दाबलं. मोटर गुणगुणायला लागली. कपडे मात्र जागचे हलेनात.

"आवाज ऐका," वडील म्हणाले, "कशी लोण्यासारखी फिरतेय."

बायकोने हात पुढे केला. घड्याळजींनी खिशातून पट्टा काढून तिच्या हातावर ठेवला.