परत खेळायला येणाऱ्यांसाठी

बबनभाऊंकडे गेमचं नाव विचारायला गेलेला माणूस त्याच दिवशी नाव घेऊन परत आला, असं आमच्या गल्लीत कधी झालेलं नाही. ते आधी त्याला स्टुलावर बसवतात, पंखा त्याच्याकडे वळवतात आणि विचारतात, "मागचा का सोडला व्हता?" मग तपासणी सुरू होते. मुलगी बघायला गेलेले लोकही इतकं विचारत नाहीत.

जुन्नरला तहसील कचेरीकडे जाणाऱ्या गल्लीत त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे आणि शेजारी माझं मेडिकल. दिवसभर ते सातबारे काढतात, अर्ज भरतात, दस्त टाइप करतात आणि मधल्या वेळात गेम खेळतात. तेही साधेसुधे नव्हेत. आपण एक पात्र होऊन गावोगाव हिंडायचं, सोबती जमवायचे, तलवारी नि औषधं गोळा करायची आणि साठ-सत्तर तासांनी कुठल्यातरी राक्षसाला गाठायचं, तसले. जग त्यांना रोल-प्लेइंग गेम म्हणतं, बबनभाऊ 'पात्राचे गेम' म्हणतात. वय सत्तेचाळीस, डोक्यावर टक्कल, घरी दहावी-बारावीची दोन मुलं, आणि हा गृहस्थ सकाळच्या चहाला "काल आमची जादूगारीण पडली राव, जेवान गेलं नाय" असं सांगतो.

नवशिक्याला ते पटकन काहीतरी सुचवतात. पण खूप वर्षांनी परत खेळायला आलेला माणूस दिसला की त्यांचा आवाजच उतरतो. "डॉक्टर," ते मला म्हणतात (मी डॉक्टर नाही, गोळ्या विकतो), "नवा माणूस मज्जा कराया येतो. परत येणारा कायतरी हुडकाया येतो. त्याला चुकीचा गेम दिला, तर तो पुन्ना येत नाय." नारायणगावच्या एका ग्रामसेवकाला त्यांनी तीन हेलपाटे घालायला लावले आणि शेवटी सांगितलं, "तुमी आजून तयार नाय." बिचारा रागारागाने गेला. चौथ्यांदा आला, हे विशेष.

अशा माणसाशी खोटं बोलायची वेळ माझ्यावर आली.

त्यांची धाकटी बहीण शैला मंचरला शाळेत शिकवते, माझ्या बायकोबरोबर. भावाबहिणीचं सहा वर्षं बोलणं नाही. वडील गेले, त्यांच्या दहाव्याला नदीच्या घाटावर बबनभाऊंनी तिच्यापुढे हक्कसोडपत्र धरलं. बापाच्या जमिनीतला आपला हिस्सा सोडला, अशी बहिणींनी सही करायची आमच्याकडे रीतच आहे. शैला म्हणाली, "आज नको, दादा." बबनभाऊ सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले, "सही न्हाई, तर म्हायेर न्हाई." ती तशीच एसटीत जाऊन बसली. पुढे मामा समेट करायला आले, तर बबनभाऊंनी मामांशीही बोलणं टाकलं. तेव्हापासून दुकानात तिचं नाव कुणी काढत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत शैलाचा मला फोन आला. "भाऊजी, लेक पुण्याला गेली शिकायला. घर खायला उठतंय. परत गेम खेळावा म्हणते. कुठला घेऊ, ते दादाला विचारा ना. पण माझं नाव काढू नका, तो शटर ओढील."

"अगं, इंटरनेटवर बघ की. शेकड्याने याद्या सापडतील."

"मला दादानं सांगितलेलाच हवाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फोन मांडीवर ठेवून त्या स्टुलावर बसलो आणि म्हणालो, मला परत गेम खेळायचाय. तिकडे मंचरला शैला फोन हातात धरून बसली होती; मी प्रश्न गुपचूप लिहून पाठवायचा आणि तिने उत्तर धाडायचं, असं ठरलं होतं. बोलणी फिसकटली असती, तर मामांच्या रांगेत माझा नंबर लागणार होता आणि तिचा उरलासुरला धागाही तुटणार होता.

"तुमी?" बबनभाऊंनी पंखा माझ्याकडे वळवला. "तुमी तर लुडो हरलं तरी दोन दिवस बोलत नाय."

"कॉलेजात खेळायचो."

"सोडून किती वर्सं झाली?"

मी मांडीकडे पाहिलं. "बावीस."

"का सोडला?"

"लग्न झालं."

"तुमच्या लग्नात मी जेवलोय, डॉक्टर. पंधरा वर्सं झाली त्याला."

"ठरलं लवकर होतं," मी म्हणालो. सात वर्षं लग्न ठरून बसलेला माणूस म्हणून त्यांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं.

"फोनात काय बघताय सारखं?"

"प्रिस्क्रिप्शन येतायत."

सातबाऱ्यासाठी थांबलेले एक म्हातारबाबा कोपऱ्यातून म्हणाले, "आवरा की राव, यष्टी जाईल माझी." बबनभाऊंनी त्यांचा कागद मशीनवर टाकला आणि पुन्हा माझ्याकडे वळले.

"तलवार घेता, का मंत्र?"

"औषधवाला. सोबत्यांना बरं करणारा."

"तिथंबी मेडिकलच टाकलं व्हय!" ते खदाखदा हसले. मला वाटलं, निभावलं.

"आन् सोबती मेला तर? तसंच फुडं जाता?"

"नाही. मागचा सेव्ह उघडून सगळं परत खेळायचं."

हसू कमी झालं. "नव्या गावात शिरल्यावर पयलं काय करता?"

शैलाचं उत्तर आलं आणि मी ते बावळटासारखं जसंच्या तसं बोलून गेलो. "घरोघर जायचं. प्रत्येकाशी दोनदा बोलायचं. दुसऱ्यांदा माणूस वेगळं बोलतं."

बबनभाऊंचा हात माउसवर तसाच राहिला. मशीन चालूच होतं. सातबाऱ्याच्या प्रती एकामागून एक पडत होत्या. म्हातारबाबांनी एकदा प्रतींकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे.

"हे तुमचं नाय," बबनभाऊ हळूच म्हणाले. "कोण इचारतंय?"

ते उठले. म्हातारबाबांच्या हातात सगळा गठ्ठा कोंबला, "न्या समदं" म्हणाले, आणि बाबा बाहेर पडताच शटरला हात घालून ते अर्ध्यावर ओढलं. मी मनात म्हटलं, संपलं सगळं. ते पाठमोरे उभे होते आणि मला त्यांची खरोखर भीती वाटत होती.

मग ते खुर्चीत येऊन बसले आणि कॉम्प्युटरवर एक फोल्डर उघडला. त्याला नाव होतं, 'शैली. हात लावू नये.'

"चार कॉम्प्युटर बदलले म्या. दर येळी पयलं हे हालवलं." ते पडद्याकडे बघून बोलत होते. "एकच कॉम्प्युटर व्हता घरात. एक दिस मी खेळायचो, एक दिस ती. हिचं काय, फुडं सरकंनाच. गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांशी दोन-दोनदा बोलत बसायची. मी वैतागायचो. लग्नाच्या आदल्या हप्त्यात शेवटच्या सामन्यापाशी थांबली. म्हणली, मांडव-परतणीला आले की मारते त्याला. मग ते राह्यलंच."

"तुम्ही खेळला नाहीत पुढे?"

"बारी तिची व्हती."

बाहेर कुणीतरी शटर वाजवून गेलं. त्यांनी लक्ष दिलं नाही.

"रोज दुसऱ्यांची हक्कसोडपत्रं टाइप करतो, डॉक्टर. भैनी येत्यात, सही करत्यात, हसून चा पित्यात. आन् भायेर जाऊन त्या पायरीवर रडत्यात. मला हितनं दिसतं. सहा वर्सं बगतोय. बापाला जाऊन दहा दिस झाले व्हते. काय घाई व्हती मला?"

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं शेजारी बसून मी या माणसाची नुसती थट्टा केली होती.

"फोनावर हाय का ती?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "इचारा, येती का म्हणावं."

मी लिहिलं. तिने वाचलं. ती टाइप करतेय असं दिसायचं आणि बंद व्हायचं. पुन्हा दिसायचं, पुन्हा बंद. बबनभाऊ माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावत होते, त्यांचा श्वास कानाला लागत होता. एवढ्या वेळात दोन एसट्या सुटल्या असतील.

शेवटी उत्तर आलं. "येते. सहीचा कागद तयार ठेव म्हणावं त्याला."

त्यांनी ते दोनदा वाचलं. मी उत्तर लिहायला घेतलं, तर म्हणाले, "द्या हिकडं." दिवसाला पन्नास दस्त टाइप करणारा तो माणूस एका बोटाने अक्षर-अक्षर शोधत लिहू लागला.

"कागद नको. चष्मा आन. गेम जुना हाय, अक्षरं लई बारीक हैत."