एकदाच चालणारी पट्टी

सख्ख्या आत्याचं दूध उन्हात ताटकळत ठेवून स्वतः सावलीत खुर्ची टाकणाऱ्या भाच्याला काय म्हणावं, याचा विचार केझिया न्यामवीझा सकाळपासून करत होत्या. वास्तविक त्यांना शब्दांची टंचाई कधीच नव्हती. पण भाचा, म्हणजे एरिफाझी, दूधकेंद्राचा मॅनेजर होता, आणि तोंड सोडण्याआधी कॅन आत जाणं भाग होतं. केझियाबाईंचं दूध आजवर एकदाही परत आलं नव्हतं. परत पाठवलेल्या कॅनवर खडूने फुली मारतात, आणि ती फुली मिरवत सबंध बाजारातून घरी जावं लागतं.

प्रकरण असं होतं. केंद्राची थंड टाकी संगणकाच्या संमतीशिवाय उघडत नसे, आणि संगणकाचा पासवर्ड होता ‘बिहोगो’. ही एरिफाझीची लाडकी गाय. अंकोले हा गुराख्यांचा मुलूख; इथला माणूस बायकोचं नाव एक वेळ लपवेल, पण गाईचं कवन चारचौघांत गायल्याशिवाय त्याला जेवण पचत नाही. एरिफाझी तर रोज गायचा. साहजिकच कुणीतरी संगणकात शिरून आपल्या पाणचट दुधापुढे ‘उत्तम’ असा शेरा मारून ठेवला.

राजधानीतल्या, कंपालाच्या कार्यालयाने गंभीर दखल घेतली. दर वेळी नवा आकडा धाडायला फोन वाटणं परवडणारं नव्हतं, म्हणून सुरक्षेची काटकसरी योजना आली: पासवर्डऐवजी छापील आकड्यांचा एक कागद. एक आकडा एकदाच चालणार. वापरला की खोडायचा. एरिफाझीने तो त्याच दिवशी लॅमिनेट करून आणला. ज्या गावात लग्नपत्रिकाही लॅमिनेट होते, तिथे कार्यालयाचा कागद उघडा ठेवणं शोभलं नसतं. मात्र प्लॅस्टिकवर शाई टिकेना. खोडलेले आकडे तळहाताच्या घामाने पुसून पुन्हा ताजे दिसू लागले, तेच ते आकडे परत टाकले गेले, आणि संगणक रुसून बंद पडला.

मग केंद्राची कार्यकारिणी बसली. नवा कागद मागवून त्याच्या, एका आकड्याची एक, अशा पट्ट्या कापाव्यात आणि प्रतिष्ठित घरांत एकेक ठेवावी, असा ठराव झाला. मॅनेजरकडे एकही ठेवू नये, हे एकमताने ठरलं. रोज कुणीही एकाने आपली पट्टी द्यायची, की केंद्र उघडून सगळ्यांचं दूध आत. केझियाबाईंनी आपली पट्टी भांडून मिळवली आणि कमरेच्या गाठीत बांधली.

“आज कुणाची पट्टी?” एरिफाझीने खुर्चीतूनच विचारलं.

“माझी पोरीच्या लग्नाला राखलीय,” रांगेतला रुतारो म्हणाला.

“आमची ह्यांच्या कोटात आहे,” शेजारीण एनिड म्हणाली, “आणि कोट गेलाय शहरात, म्बाराराला.”

“कोट एकटाच गेला?” केझियाबाईंनी विचारलं. “नवरा तर तो काय, झाडाखाली घोरतोय.”

“मग तुमची काढा की, बाई! तुमच्या तर कमरेलाच आहे.”

“माझी पट्टी खर्चून तुझं पाणी गार करू होय गं?”

“आत्या, दे ना गं,” एरिफाझी खुर्चीतून उठला. “तुझंच दूध नासेल.”

“नियम काय म्हणतो? कुणीही एक. मग मीच का? मऊ लागले म्हणून कोपरानं खणतोस?”

केझियाबाईंचा अंदाज सरळ होता: एनिडचा कॅन फुटक्या झाकणाचा, तिचाच धीर आधी सुटणार. एनिडचा अंदाज असा की म्हातारीला अब्रू प्यारी, तीच गाठ सोडणार. रुतारो दोघींवर विसंबून तंबाखू मळत बसला. कुणीही कुणाचं वाईट चिंतत नव्हतं. ऊन मात्र वर चढत होतं.

अखेर एरिफाझी परीक्षेची बाटली घेऊन आला. प्रत्येक कॅनमधलं चमचाभर दूध त्याने नळीत घेतलं, औषध टाकलं, आणि प्रत्येक नळीत गुठळ्या झाल्या. रुतारोच्या कॅनवर फुली पडली, एनिडच्या पडली, आणि शेवटी त्याने आत्याच्याही कॅनवर मारली. सगळे हळहळले. हळहळताना प्रत्येकाचा एक हात आपापल्या पट्टीवर होता.

केझियाबाईंनी कॅन डोक्यावर घेतला, फुली बाजाराकडे वळवली आणि मान ताठ केली.

“ऐक, एरिफाझी. अख्ख्या गावाचं दूध नासलं, पण पट्टी एकाचीही चोरीला गेली नाही. कंपालाला कळव, तुमचं कुलूप आम्हाला पसंत पडलं.”