चोवीस पाट्या, ओळीने

३.

सखुबाईंच्या स्वयंपाकघरात सतरा डबे होते, मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने. एकदा एका पाहुणीने चहा केला आणि साखरेचा डबा रव्याच्या जागी ठेवला. ती गेल्यावर सखुबाई म्हणाल्या, "बाई चांगली हे. पण घर कसं चालवत असंल?"

८.

जुलै महिन्यात इगतपुरीत काहीही वाळत नाही. गोरक्षची भिजलेली डायरी आईने तीन दिवस चुलीशेजारी उभी करून ठेवली. पानं वाळली, पण तोवर शाई निघून गेली होती.

१.

नाशकात नंबरप्लेट रंगवणाऱ्या एका पेंटरला चोवीस पत्र्याच्या पाट्यांचं काम मिळालं. एक ते आठ आकडे, प्रत्येक तीनदा. बाकी काय लिहायचं, असं त्याने विचारलं. काहीच नाही हे ऐकून त्याचा विरस झाला आणि त्याने प्रत्येक आकड्याला फुकटात सावली काढून दिली.

५.

एक शेळी दोन दिवस गप्प होती.

२.

हेड ऑफिसमधल्या कपाटात एक पाकीट होतं, लाखेचं सील लावलेलं.

७.

खंडेरावांच्या रानात उकिरडा कधीच नव्हता. त्यांच्या वडिलांच्या काळातही नव्हता.

४.

जूनमध्ये देवघरातला कुंकवाचा करंडा एका दिवसात रिकामा झाला. खंडेरावांनी पिंपळगावच्या बाजारातून नवीन कुंकू आणलं. जुनं कुठे गेलं हे त्यांनी सखुबाईंना विचारलं नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती.

या सगळ्याचा संबंध मका आणि ज्वारीशी आहे.

सन २००२ च्या खरिपात एका बियाणे कंपनीला आपल्या नव्या संकरित वाणांची तुलना करून पाहायची होती. मक्याचे चार वाण आणि ज्वारीचे चार. त्यासाठी पिंपळगाव बसवंतजवळची खंडेरावांची अर्धा एकर जमीन ठरली आणि देखरेखीला गोरक्ष आला. बी लाल औषध लावून कापडी पिशव्यांमधून आलं होतं. पिशवीवर वाणाचं नाव नव्हतं, फक्त नंबर होता. विषम नंबर मका, सम नंबर ज्वारी. कोणता नंबर म्हणजे कोणता वाण, हे त्या सीलबंद पाकिटात होतं. नाव कळलं की माणूस पक्षपात करतो, असं कंपनीचं मत होतं आणि ते बरोबर होतं.

प्रत्येक नंबर तीन ओळींत तीन ठिकाणी पेरायचा, म्हणजे एखाद्याला चांगली माती मिळाली म्हणून तो उगाच पुढे जाऊ नये. आणि ओळीतला क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा. गोरक्षने बांधावर बसून टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. पहिल्या ओळीत चार, सात, एक, सहा असं काहीतरी निघालं. त्याने तो क्रम डायरीत उतरवला. त्याची दुसरी प्रत हेड ऑफिसला पाठवायची होती. ती हरवू नये म्हणून त्याने घडी घालून त्याच डायरीत ठेवली.

जुलैमध्ये डायरी धुऊन निघाली तेव्हा तो घाबरला नाही. चोवीस तुकड्यांपुढे चोवीस पाट्या उभ्या होत्या. आकड्यांना सावलीसुद्धा होती.

गोरक्ष कंपनीत दोन वर्षं हंगामी होता. ही चाचणी नीट पार पडली तर दिवाळीला तुला कायम करतो, असं निरगुडकर साहेबांनी सांगितलं होतं. घोटीला शुभांगी नावाची मुलगी होती. तिच्या वडिलांनीही दिवाळीचाच वायदा केला होता, आणि त्यांची अट साहेबांच्या अटीवर अवलंबून होती.

सप्टेंबरच्या शेवटी शिवारफेरी ठरली. साहेब येणार, पिंपळगावचे तीन बियाणे दुकानदार येणार, आसपासचे चाळीसेक शेतकरी येणार. आदल्या दिवशी गोरक्ष सखुबाईंना म्हणाला की काकू, उद्या साहेब येणार आहेत, रान जरा नीटनेटकं दिसू द्या. एवढं सांगून तो एम-एटीवर बसून मांडववाल्याकडे गेला.

सकाळी सात वाजता तो परत आला तेव्हा रान नीटनेटकं दिसत होतं. बांधावरचं गवत काढलेलं होतं. पाट्या राखेने घासलेल्या होत्या. प्रत्येक पाटीला हळदीकुंकवाचं बोट लावलेलं होतं. आणि तिन्ही ओळींत त्या एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ अशा उभ्या होत्या.

गोरक्ष पहिल्या पाटीपासून आठव्या पाटीपर्यंत चालत गेला आणि परत आला.

"काकू, पाट्या."

"घासल्या. चिखल लय उडाला होता."

"नंबर."

"ते बी लावले. कुणी लावले होते ओ तसे? चारामागं सात, सातामागं एक. म्या म्हणलं, पोराला घाई झाली असंल."

ते मुद्दाम तसे होते, चिठ्ठ्या टाकून ठरवले होते, हे गोरक्षने सांगितलं. सखुबाईंनी हातातलं खुरपं खाली ठेवलं.

"चिठ्ठ्या टाकून? कंपनीत वडीलधारं कोणी नाय का?"

कोणती पाटी आधी कुठे होती ते आठवतं का, असं त्याने विचारलं. त्या म्हणाल्या की नंबर कोण बघतं, काल पुसताना पहिल्यांदा नीट पाहिले. मग गोरक्षने डायरी उघडली. त्या पानावर आता फक्त इगतपुरीचा पाऊस होता.

साडेनऊला साहेबांची जीप येणार होती. त्याने विचार केला तो असा: मक्यापुढे सम नंबर आणि ज्वारीपुढे विषम नंबर दिसला तर आंधळ्यालाही कळेल. तेवढं तरी सुधारू. मग त्याने पाट्या उपटल्या. विषम पाट्या मक्यापुढे आणि सम पाट्या ज्वारीपुढे, जशा हाताला लागतील तशा रोवल्या. शेवटची पाटी ठोकताना बांधावर जीपचा हॉर्न वाजला.

निरगुडकर साहेब पीएचडी होते. ते प्रत्येक तुकड्यापुढे थांबत, पान चोळून बघत, वहीत लिहीत. पहिली ओळ झाली. साहेब खूश दिसले. दुसऱ्या ओळीत तीन नंबरपुढे ते थांबले, मागे वळले, पहिल्या ओळीतल्या तीन नंबरकडे गेले आणि पुन्हा आले.

"गोरक्ष, तिकडच्या तीनला एक कणीस आहे. इकडच्या तीनला दोन."

"जमीन, सर," गोरक्ष म्हणाला. "इथं पूर्वी उकिरडा होता. त्याची ताकद."

मागून येणाऱ्या खंडेरावांनी मान वर केली.

चार नंबरची ज्वारी पहिल्या ओळीत खांद्याला लागत होती, दुसरीत कमरेला. गोरक्ष म्हणाला की इथं पाणी साचतं. आठ नंबरची एकीकडे झुकली होती, एकीकडे ताठ होती. इथं झाडाची सावली येते, असं तो म्हणाला. साहेबांनी वर पाहिलं. आभाळ होतं.

"तोडलं ते झाड, सर."

"कधी?" साहेबांनी खंडेरावांना विचारलं.

"माझ्या जन्माच्या आधी असंल," खंडेराव म्हणाले. ते अजून सांभाळून घेत होते.

तिसऱ्या ओळीत पाच नंबरपाशी चुनखडीचा पट्टा निघाला. एक नंबरखाली बुजवलेली विहीर निघाली. पिंपळगावचे दुकानदार एकमेकांकडे बघू लागले. त्यातला एक जण तर खंडेरावांच्या शेजारचं रान घ्यायच्या विचारात होता, त्याने हळूच विचारलं की तुमच्या बाजूला सगळीकडे असंच आहे का. तिथे खंडेरावांचा धीर सुटला.

"साहेब, माझं रान तळहातासारखं हे. सकाळपासून या पोरानं त्यात उकिरडा केला, डबकं केलं, झाड लावून तोडलं, आता विहीर बुजवली. अजून चार पाट्या राहिल्यात. मसणवटा करील हा माझ्या रानाचा."

साहेबांनी चष्मा काढला. गोरक्षला दिवाळी दिसली, तिच्यामागे घोटी दिसली, आणि दोन्ही दूर जाताना दिसली. त्याने तोंड उघडलं.

"सर, पाट्या—"

"पाट्या म्या हलवल्या," सखुबाई म्हणाल्या. त्या डोक्यावर पदर घेऊन पुढे आल्या होत्या. "इस्कटल्या होत्या, म्हणून ओळीनं लावल्या. पोरानं सकाळी परत हलवल्या. आता कोणाचा कोणाला मेळ नाय. त्याच्यावर ओरडू नका, माझ्यावर ओरडा."

साहेब ओरडले नाहीत. ते बांधावर बसले. कोणते तीन तुकडे एका वाणाचे हेच कळत नसेल, तर या चोवीस तुकड्यांची फक्त वैरण होते, असं त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. तीन महिने फुकट गेले. हे सांगताना ते गोरक्षकडे बघत नव्हते, आणि गोरक्षला तेच जास्त लागलं.

"कोण कोणाचं भावंड ते व्हय?" सखुबाई म्हणाल्या. "ते मला इचारा ना. तीन महिने म्याच खुरपते. नंबर नाय सांगता येणार, पण तोंडावरून वळखते."

साहेबांनी चष्मा पुन्हा घातला.

सखुबाई पुढे आणि चाळीस माणसं मागे, अशी दुसरी शिवारफेरी निघाली. ही मिशावाली, असं म्हणून त्यांनी लालबुंद केसरांचा मका दाखवला; तिच्या बहिणी ती बांधाकडची आणि ती कोपऱ्यातली. ही जुळी, दोन कणसांची. ही उघडी, कणसाचा शेंडा झाकत नाही, पाखरांचं फावतं. ही लोळणारी, वारा आला की आडवी. ज्वारीत एक गेंदवाली होती, एक विस्कटलेली आणि एक मान वाकडी.

साहेबांनी टेपने उंची मोजली, पानं मोजली, कणसं सोलून दाण्यांच्या रांगा मोजल्या. तीनही ठिकाणी सारखं. एकवीस तुकडे झाले, सखुबाई एकदाही चुकल्या नाहीत. साहेब वहीत निमूटपणे "जुळी" आणि "लोळणारी" लिहू लागले. दुकानदारांनीही लिहून घेतलं.

राहिले तीन तुकडे. त्यांच्यापाशी शेतकरी सकाळपासूनच उभे होते, कोणत्याही पाटीकडे न बघता. डोक्याच्याही वर गेलेली ज्वारी, टपोरं कणीस, पानं अजून हिरवीगार. सगळ्या रानातल्या चिमण्या तेवढ्या तीन जागी उतरत होत्या.

"आणि हिचं नाव?" साहेबांनी विचारलं.

"हिला कशाला नाव? ही ज्वारी."

"हिचा नंबर कळला असता तर फार बरं झालं असतं, बाई."

"सहा," सखुबाई म्हणाल्या.

गोरक्षने त्यांच्याकडे पाहिलं. सकाळपासून एकही नंबर न आठवणाऱ्या सखुबाई चिमण्या हाकलत होत्या.

"नक्की सहा?"

"एवढा एक ध्यानात हे."

साहेबांनी हेड ऑफिसमधून बरोबर घेतलेलं पाकीट जीपमधून आणलं आणि सील फोडलं. सहा नंबरचं नाव वाचलं. पुन्हा वाचलं. मग कागद खिशात ठेवून ते थोडा वेळ दुसरीकडे बघत उभे राहिले. सहा नंबर हा त्यांनी स्वतः नऊ वर्षं खपून तयार केलेला वाण होता. हेड ऑफिसने तो तीनदा यादीतून काढला होता आणि त्यांनी तो तीनदा भांडून परत घातला होता. नंबर कसा लक्षात राहिला, हे विचारावं असं त्यांना त्या क्षणी अजिबात वाटलं नाही.

अहवाल गेला. त्यात बाकीचे सात वाण सखुबाईंच्या नावांनीच होते, आणि हेड ऑफिसमध्ये "मान वाकडी" हा शब्द बरोबर आहे का असं विचारायला टायपिस्ट दोनदा उठून आला म्हणतात. दिवाळीला गोरक्ष कायम झाला. मार्गशीर्षात शुभांगीशी त्याचं लग्न झालं. लग्नात निरगुडकर साहेबांनी सखुबाईंना पैठणी काठाचं लुगडं दिलं आणि सांगितलं की पुढच्या जूनमध्ये सहा नंबरची पहिली पिशवी तुमच्या घरी येईल.

पिशवी आली. पिंपळगावच्या दुकानांतही आली. सप्टेंबरमध्ये गोरक्ष एम-एटीवरून गावोगाव फिरला. ज्वारी कुठेही कमरेच्या वर गेली नव्हती आणि चिमण्या तिच्याकडे फिरकत नव्हत्या. शेवटी तो खंडेरावांच्या रानात आला. तिथे ती डोक्याच्या वर गेली होती.

तो ओसरीवर बसला. सखुबाईंनी चहा दिला. आत फळीवर सतरा डबे होते, आणि शेवटच्या डब्यानंतर अठराव्या जागी, सील न फोडलेली, कंपनीची पिशवी.

"काकू, असं कसं झालं?"

सखुबाईंनी बशी पुढे सरकवली.

"जमीन असती भाऊ एकेक," त्या म्हणाल्या. "त्यांच्या रानात उकिरडा नसंल."

६.

तेरा जून २००२ रोजी, पेरणीच्या आदल्या दिवशी, खंडेरावांच्या ओसरीवर ठेवलेलं सहा नंबरच्या तिन्ही पिशव्यांमधलं बी शेळीने खाल्लं, आणि सखुबाईंनी कणगीतली घरची ज्वारी कुंकवात घोळवून त्या पिशव्या पुन्हा भरल्या.