खडकमळ्याच्या आजीव सभासदांची निष्ठा

निष्ठा ही माणसाला मिळालेली सर्वांत काटकसरी देणगी आहे. पैसा दिला की संपतो, वेळ दिला की जातो, निष्ठा मात्र जन्मभर दिली तरी देणाऱ्याचे काहीही कमी होत नाही. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी नाशिकच्या खडकमळा स्पोर्टिंग या फुटबॉल क्लबचा अभ्यास करावा. क्लब आज अस्तित्वात नाही. निष्ठा शाबूत आहे. प्रस्तुत लेखक क्लबच्या समर्थक संघटनेचा मानद चिटणीस, तिकीट खिडकीचा प्रमुख आणि आजीव सभासद क्रमांक सदतीस असल्यामुळे पुढील माहिती अधिकृत समजावी.

आमचा क्लब लीगच्या तिसऱ्या श्रेणीत खेळत असे. (चौथी श्रेणी नाही. त्यामुळे काही लोक तिसरीला शेवटची म्हणतात. आम्ही त्या लोकांशी बोलत नाही.) तीस वर्षांत एकदा उपविजेतेपद मिळाले, कारण समोरच्या संघाची गाडी चांदवडजवळ बंद पडली होती. तो दिवस आम्ही दरवर्षी साजरा करत असू.

क्लबच्या स्थापनेच्या वर्षी गोलपोस्टला पैसे नव्हते. तेव्हाचे आणि शेवटपर्यंतचे अध्यक्ष लखनशेठ यांनी एक दूरदृष्टीची योजना काढली. एकदाच एकशे एक रुपये भरायचे आणि आजीव सभासद व्हायचे. मग सभासदाला आणि त्याच्या कुटुंबाला सगळे सामने तहहयात विनामूल्य. महिन्याभरात चारशे बारा सभासद झाले. त्या पैशांत दोन गोलपोस्ट, जाळ्या आणि तीन चेंडू आले, आणि उरलेली रक्कम पैसे देणाऱ्यांच्या सत्कारावर खर्च झाली.

पुढे ‘कुटुंब’ या शब्दाची व्याप्ती ठरवणे गरजेचे झाले. कार्यकारिणीने वेळोवेळी केलेले ठराव असे:

१. लेकी-सुना कुटुंबातच धराव्यात. (एकमताने मंजूर.)
२. जावईही धरावा, कारण जावयाला तिकीट काढायला लावणे आपल्याकडे शोभत नाही. (टाळ्यांच्या गजरात मंजूर.)
३. भाडेकरू धरावा, परंतु त्याने भाडे वेळेवर दिलेले असावे.
४. घरी आलेला पाहुणा, तो आला असेल त्या दिवसापुरता धरावा.

चौथ्या ठरावानंतर आम्ही एक पाहणी केली. मैदानापासून तीन किलोमीटरच्या आत ज्यांना तिकीट काढल्यावाचून गत्यंतर नाही असे लोक एकूण चौदा निघाले. पैकी तेरा जणांना फुटबॉल आवडत नव्हता.

चौदावा बारकू गावित. हा मूळचा सुरगाण्याकडचा. एकोणीस वर्षांपूर्वी मैदानाची राखण करायला आला आणि फाटकाजवळच्या पत्र्याच्या खोलीत राहिला. खडकमळा या नावात जेवढा खडक आहे तेवढाच मैदानातही होता. बारकूने तो वेचून काढला, माती टाकली, गवत लावले आणि उन्हाळ्यातसुद्धा ते हिरवे ठेवले. दुसऱ्या संघांचे खेळाडू आमच्याकडे आले की आधी वाकून गवताला हात लावत. त्याला सभासद व्हायचे होते, पण तो अर्ज घेऊन आला तोवर ‘सभासद फार झाले’ म्हणून नोंदणी बंद झाली होती. त्यातून तो पगारी नोकर, म्हणजे निष्ठावंतांत त्याची गणना होणे नियमात बसत नव्हते. (पगार अधूनमधून होत असे. गणना मात्र ठाम होती.)

सामन्याच्या दिवशी बारकू सकाळपासून मैदानात असे. चुन्याने रेषा मारायचा, जाळ्या बांधायचा, कोपऱ्यांत झेंडे रोवायचा. मग सामन्याच्या अर्धा तास आधी हातपाय धुऊन फाटकाबाहेर जायचा, खिडकीशी उभा राहून तीस रुपयांचे तिकीट काढायचा आणि ज्या फाटकातून बाहेर गेला त्याच फाटकातून आत यायचा. मी त्याला अनेकदा समजावले.

“अरे बारकू, तू आतलाच माणूस. तुला कशाला तिकीट?”

“काम हाय तवर आतला, साहेब. मॅच बघायची त तिकीट नको का?”

यावर काय बोलावे हे आमच्या घटनेत दिलेले नाही, म्हणून मी तिकीट फाडून देत असे.

आमच्या समर्थकांची निष्ठा निव्वळ उपस्थितीपुरती नव्हती. एका वर्षी तिकीट वीसचे तीस झाले, तेव्हा चारशे सभासदांनी दरवाढीविरुद्ध मूक मोर्चा काढला. त्यांतील एकानेही आयुष्यात तिकीट काढलेले नव्हते, यावरून त्यांच्या निःस्वार्थीपणाची कल्पना यावी. परदेशातल्या मोठ्या क्लबांचे सामने पाहायला हेच लोक मोबाइलवर वर्षाची वर्गणी भरत आणि त्या क्लबांचे हजार-हजार रुपयांचे टी-शर्ट घालून आमच्या मैदानावर येत. परक्या माणसाशी व्यवहार चोख ठेवावा आणि घरच्याशी व्यवहार ठेवूच नये, ही त्यामागची भूमिका.

प्रशिक्षक अब्बास सर आठवड्यातून तीनदा मालेगावहून एसटीने येत. त्यांचे मानधन पंधरा महिने थकले, त्या काळात समर्थकांनी त्यांना वाऱ्यावर सोडले नाही. अकरा वेळा जाहीर सत्कार केला. अकराव्या शालीनंतर त्यांच्या पत्नी जुलेखाबी त्यांना म्हणाल्या, “अगली बार शाल की जगह आटा देते क्या, पूछो.” सरांनी ते आम्हाला हसत हसत सांगितले. आम्हीही खूप हसलो, आणि बाराव्या सत्काराची तारीख ठरवली.

असे सर्व सुरळीत असताना लीगचे पत्र आले. नोंदणी शुल्क आणि मागची बाकी मिळून दोन लाख रुपये महिन्याअखेर भरा, नाहीतर क्लबचे नाव कमी होईल. मैदान एका खासगी ट्रस्टचे होते आणि करारात स्पष्ट लिहिले होते की लीगमधून नाव गेले की मैदानही गेले. मैदानाबरोबर बारकूची खोली जाणार, हे करारात लिहिलेले नव्हते. ते लिहिण्याइतके महत्त्वाचे कुणाला वाटले नसावे.

पत्र येताच समर्थकांत संतापाची लाट उसळली आणि दुसऱ्याच दिवशी ‘खडकमळा बचाव कृती समिती’ स्थापन झाली. अध्यक्ष लखनशेठ, उपाध्यक्ष सतरा, सदस्य धरून एकूण एकेचाळीस. समितीचे कार्य थोडक्यात असे: व्हॉट्सअॅप ग्रुप तीन (एक माहितीसाठी, एक चर्चेसाठी आणि एक दुसऱ्या ग्रुपमधून काढलेल्यांसाठी). चौकात वीस बाय दहाचा फ्लेक्स एक, त्यावर समितीच्या एकेचाळीस आणि शुभेच्छुकांच्या तेवीस जणांचे फोटो. संघाचा फोटो टाकायला जागा उरली नाही, म्हणून कोपऱ्यात एक चेंडू टाकला. चेंडू छान आला होता. मानवी साखळी एक. ती आठ मिनिटे टिकली, कारण नंतर सगळ्यांना फोटो पाहायचे होते.

समितीच्या बैठका दर रविवारी सकाळी मिसळीच्या ठिकाणी होत. महिनाअखेर जवळ असल्याने पुढे मधल्या वारीही घ्याव्या लागल्या, एकूण नऊ. माणशी एकशे तीस रुपये. नाशिककर मिसळीच्या टेबलावर दुसऱ्याला पाकीट काढू देत नाही. बिल आले की एकमेकांचे हात धरून ओढाताण व्हायची आणि एकदा तर दोन उपाध्यक्षांत त्यावरून अबोला झाला. नऊ बैठकांत मिळून सुमारे अठ्ठेचाळीस हजार रुपये समर्थकांनी स्वतःच्या खिशातून हसत हसत दिले. क्लबसाठी माणसे किती झिजली, याचा हा लेखी पुरावा आहे.

सातव्या बैठकीत ज्योत्स्नाताई बोलायला उठल्या. या आमच्या खजिनदार, बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी कागदावर एक गणित आणले होते.

“चारशे बारा सभासद आहेत. प्रत्येकी पाचशे धरले तर दोन लाख सहा हजार होतात. आज संध्याकाळपर्यंत काम संपेल,” त्या म्हणाल्या.

त्याबरोबर सगळ्यांनी एकदम तर्रीच्या भांड्याकडे हात नेला. मग लखनशेठ हातातला पाव खाली ठेवून म्हणाले, “ताई, आमच्या निष्ठेची किंमत पाचशे रुपये करता?” लोकांचे डोळे पाणावले. ज्योत्स्नाताईंचा तिथल्या तिथे शाल-श्रीफळ देऊन सत्कार करण्यात आला आणि त्यांचे गणित अभ्यासासाठी पाच जणांच्या उपसमितीकडे देण्यात आले. उपसमितीचा अहवाल अद्याप यायचा आहे.

त्याच बैठकीला बारकू दाराशी येऊन उभा होता. त्याने एवढेच विचारले, “माझ्या खोलीचं काय व्हईल, साहेब?” हा प्रश्न विषयपत्रिकेवर नसल्यामुळे तो ऐनवेळच्या विषयांत घेतला, आणि ऐनवेळच्या विषयांची वेळ येण्याआधी सोलकढी आली.

अखेर नवव्या बैठकीत तोडगा सापडला. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ‘मदत सामना’ खेळायचा. तिकीट शंभर रुपये, जमलेली सगळी रक्कम क्लब वाचवण्यासाठी. मैदानात पाच हजार लोक मावतात, तेव्हा दोन लाख म्हणजे अर्ध्या मैदानाचेही काम नव्हते. आम्ही पाच हजार तिकिटे छापून घेतली.

त्या रविवारी नाशिकने जे दृश्य पाहिले ते शब्दांत मावणारे नाही, म्हणून आकड्यांत देतो. उपस्थिती चार हजार आठशे सहा, क्लबच्या इतिहासातील सर्वाधिक. ढोलपथके दोन. ‘खडकमळा आमच्या रक्तात आहे’ असे लिहिलेले फलक साठ. लोक लांबलांबून आले होते. येताना प्रत्येकाने आजीव सभासदाचे कार्ड आणले होते, आणि ज्याच्याकडे कार्ड नव्हते तो कुणाचा तरी जावई, भाडेकरू किंवा त्या दिवसापुरता पाहुणा होता. मी खिडकीत तिकिटांचे गठ्ठे मांडून बसलो होतो. माणसे खिडकीशी येत, कार्ड दाखवत, “क्लब वाचलाच पाहिजे, काय?” असे गहिवरून म्हणत आणि आत जात. मीसुद्धा माझे कार्ड खिशाला लावले होते.

सामन्याच्या अर्धा तास आधी बारकू हातपाय धुऊन खिडकीशी आला. दोनशे रुपये पुढे सरकवले.

“दोन द्या.”

“दोन कुणाला?”

“एक माझं, एक चिमणाबाईचं.” चिमणाबाई म्हणजे त्याची बायको.

“ती आलीय कुठं? ती तर गावाकडं आहे ना?”

“गावालाच हाय. यायची नाय ती,” बारकू म्हणाला. “पण मदतीची मॅच हाय ना, साहेब.”

मला लाज वाटली. फार वाटली. (अधिकृत अहवालात याची नोंद नको असे समितीचे मत पडले; मी ती कंसात घेतली आहे.) मी दोन तिकिटे फाडून दिली, आणि ढोल सुरू झाले म्हणून खिडकी बंद करून सामना बघायला गेलो.

सामना आम्ही दोन-एकने जिंकला. शेवटच्या मिनिटाला गोल झाला तेव्हा चार हजार आठशे माणसे रडत होती. अब्बास सरांना खांद्यावर घेतले. बारावी शाल त्यांना तिथेच मिळाली. संध्याकाळी हिशेब झाला: विक्री दोन तिकिटांची, जमा दोनशे रुपये, म्हणजे उद्दिष्टाच्या शून्य पूर्णांक एक टक्का. लखनशेठांनी माइकवरून सांगितले की पैशांत अपयश आले असले तरी निष्ठेत आपण कुणाला हार गेलेलो नाही. टाळ्या बराच वेळ थांबल्या नाहीत.

महिना संपला आणि क्लबचे नाव लीगमधून गेले. ट्रस्टने मैदान लग्नकार्याच्या लॉन्सला दिले. लॉन्सवाल्यांनी आनंदाने घेतले, कारण इतके तयार गवत त्यांना शहरात दुसरीकडे कुठे मिळाले नसते. पहिले लग्न आमच्याच एका उपाध्यक्षांच्या मुलीचे झाले. समर्थक झाडून सगळे होते. गोलपोस्ट होती तिथे नवरा-नवरीच्या खुर्च्या होत्या, आणि जेवताना प्रत्येकाने गवताचे कौतुक केले. पत्र्याची खोली पाडून तिथे भांडी धुवायची जागा केली आहे.

बारकू त्याआधीच गेला. जायच्या दिवशी पहाटे त्याने सवयीने मैदानाला पाणी मारले, नळ बंद केला आणि किल्ली माझ्या घरी आणून दिली. चहा घ्यायला थांबला नाही. सुरगाण्याची जीप भरत आली होती.

क्लबची आठवण राहावी म्हणून समितीने ही शहाण्णव पानांची गुळगुळीत कागदावरची स्मरणिका काढली आहे. समर्थकांनी एका आठवड्यात दोन लाख दहा हजारांच्या जाहिराती गोळा केल्या, त्या सगळ्या छपाईत गेल्या. पाने पंधरा ते अठ्ठ्याहत्तर यांवर सभासदांचे फोटो आहेत. प्रस्तुत लेख पान एकोणऐंशीवर.

प्रती एक हजार, किंमत शंभर रुपये; छपाईआधीच सगळ्यांची नोंदणी झाली, शिल्लक एकही नाही. पैसे भरून नोंदवलेली प्रत एक. ती बारकूसाठी त्याच्या गावाकडच्या एका जीपवाल्याने रोख पैसे देऊन नोंदवली.

तेव्हा वाचकहो, तुम्ही बारकू नसाल, तर तुमच्या हातात ही प्रत कशी आली, हे मी विचारणार नाही. तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत आलात आणि मधे कुठेतरी हळहळलात, एवढे आम्हाला पुरे आहे. अशाच माणसांच्या जोरावर आम्ही तीस वर्षे क्लब चालवला. तुमचे कार्ड तयार करून ठेवतो. येऊन घेऊन जा. पैसे आणू नका.