रुग्ण जिथे, फवारणी तिथे

डेंग्यूच्या वॉर्डातून निवृत्त मास्तरांना घरी सोडायचं ठरलं. त्यांचा ताप उतरला तसा त्यांच्या बायकोचा, म्हणजे बाईंचा, पारा चढला. त्यांच्या घरामागे अर्धवट सोडलेली इमारत होती. तिच्या लिफ्टच्या खड्ड्यात कमरेइतकं पाणी आणि पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या. मास्तरांना पुन्हा तिथंच न्यायचं म्हणजे डासांपुढे ताट वाढून ठेवायचं!

"डॉक्टर, त्या खड्ड्याचं काय?"

"बाई, उपचार आमच्याकडे, प्रतिबंध पालिकेकडे. डास चावल्यानंतर आमचं काम सुरू होतं."

बाई तडक पालिकेच्या आरोग्य खात्यात गेल्या. तिथल्या साहेबांनी फाईल उघडली. "नियम साधा आहे. रुग्ण जिथे, फवारणी तिथे. रुग्णालयानं तुमच्या रुग्णाचा पत्ता कळवलाय, खाट क्रमांक नऊ."

"अहो, ते आज घरी येतायत!"

"मग रुग्णालयातून पत्ता बदलून आणा."

रुग्णालयातल्या कारकुनानं मान वरसुद्धा केली नाही. "घरचा पत्ता म्हणजे प्रतिबंध. तो पालिकेनंच बदलायचा."

तिसऱ्या हेलपाट्याला बाईंनी नाद सोडला. म्हणजे कागदांचा. मास्तरांना रिक्षात बसवलं, उशी-पांघरूण काखेत मारलं आणि रिक्षा घराकडे न नेता थेट आरोग्य खात्याच्या दारात उभी केली. साहेबांच्या टेबलासमोरच्या बाकावर मास्तरांना आडवं केलं.

"हे काय चाललंय?" साहेब उभेच राहिले.

"रुग्ण इथे आहे. फवारा."

"इथं झोपता येणार नाही!"

"कुठल्या नियमात लिहिलंय? दाखवा. चाळीस वर्षं शाळेत पोरांच्या सबबी ऐकल्यात मी."

मास्तर पुटपुटले, "अगं, कशाला उगाच? घरी जाऊ ना."

"तुम्ही गप पडा. तुम्ही पत्ता आहात."

तेवढ्यात टेबलाखालून एक डास निघाला, मास्तरांच्या पोटरीवर निवांत बसला आणि उडाला. टायपिस्ट किंचाळत खुर्चीवर चढली. "साहेब, आता तो मला चावला तर?"

"चावेपर्यंत तू यांची," बाई साहेबांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "चावल्यावर रुग्णालयाची."

पाच मिनिटांत अर्धं कार्यालय व्हरांड्यात उभं होतं. साहेबांनी फोन उचलला आणि कुणावर तरी मनसोक्त ओरडून घेतलं. दोन तासांत पंप पोचला, खड्डा कोरडा झाला, त्याचा फोटोही आला.

साहेबांनी हात जोडले. "झालं बाई. आता न्या यांना."

बाईंनी फोटो दोनदा नीट बघितला आणि ऐटीत उशी उचलायला गेल्या. उशी हलेना. मास्तरांनी ती घट्ट धरून ठेवली होती.

"अहो उठा, जिंकलो आपण!"

जन्मात कुणाला उलटून न बोललेले मास्तर सावकाश कुशीवर वळले.

"तू हो पुढे. वाचनालयामागचं डबकं अजून राहिलंय."